नोकरी सोडू का? राजीनाम्याच्या आधीच्या पायऱ्या अन् त्यांचा क्रम

दर आठ-पंधरा दिवसाला एखादा फोन येतोच. "भाऊ, राजीनामा टाकलाय, आता कोणता धंदा करावा?" कधी संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कंपनीतला पोरगा असतो, कधी लातूरला क्लासमधे फिजिक्स शिकवणारे सर, कधी विनाअनुदानित शाळेवर दहा वर्षं काढलेल्या मॅडम, कधी पुण्यातून गावाकडं परत यायचं म्हणणारा आयटीवाला. माणसं हुशार असतात, कष्टाला मागं हटणारी नसतात, पण बहुतेकांचा क्रम चुकलेला असतो. आधी राजीनामा, मग पैशाचा हिशोब, मग घरी सांगणं, अन् सगळ्यात शेवटी ते नवं काम आपल्याला जमतं का ते बघणं. हे सगळं बरोबर उलट्या बाजूनं व्हायला पाहिजे.

मी स्वतः वाळूजला एका कंपनीत नऊ वर्षं क्वालिटीमधे होतो. मार्च २०१८ ला राजीनामा दिला अन् आमच्या तालुक्याच्या गावी ठिबक, मोटार, पाइपचं दुकान टाकलं. मे महिन्यात वडिलांच्या छातीत दुखायला लागलं, रात्री अकरा वाजता जे हॉस्पिटल जवळ सापडलं तिथं नेलं, अँजिओप्लास्टी झाली. कंपनीचा मेडिक्लेम राजीनाम्यासोबतच संपला होता, दुसरा मी काढलेला नव्हता, अन् ते हॉस्पिटल सरकारच्या मोफत उपचाराच्या जनआरोग्य योजनेतही बसत नव्हतं. दुकानात माल भरायला ठेवलेले एक लाख ऐंशी हजार तिथं गेले. जूनला पेरणीच्या आधी गिऱ्हाईक दारात यायचं अन् माझ्याकडं पाइपच नसायचे. त्यात त्या वर्षी पावसानं दगा दिला, ऑक्टोबरमधे सरकारनं राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले त्यात मराठवाड्यातले कितीतरी होते, अन् जी काही उधारी दिली होती ती तशीच वहीत राहिली. दुकान आज चालू आहे, बरं चाललंय. पण ती पहिली दीड वर्षं घरच्यांनी जे काढलं ते टाळता आलं असतं. म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय. एकेक पायरी संपल्याशिवाय पुढची धरू नका.

पायरी १: दुखतंय नेमकं कुठं ते शोधा

"मला करिअर बदलायचंय" असं माणूस म्हणतो तेव्हा बऱ्याचदा त्याला करिअर नाही, एखादा साहेब बदलायचा असतो. किंवा शिफ्ट, किंवा रोजचा प्रवास. हे मनातल्या मनात कळत नाही, कारण चिडलेल्या माणसाला सगळंच वाईट दिसतं. त्यामुळं तीन आठवडे एक वही ठेवा. रोज रात्री एकच ओळ, आज कामावर कोणत्या क्षणाला नको झालं? जास्त लिहू नका, एकच ओळ पण नेमकी. "कंटाळा आला" असं नाही, "दुपारी चारला परत तोच रिपोर्ट तिसऱ्यांदा करायला लावला" असं.

तीन आठवड्यांनी प्रत्येक ओळीपुढं एक शब्द लिहा: माणूस, जागा, पैसा किंवा काम. मग मोजा.

माझा एक मित्र शेंद्र्याला मेन्टेनन्समधे होता, त्याला हॉटेल टाकायचं होतं, जागासुद्धा बघून ठेवली होती. त्याच्या अठरा ओळींपैकी तेरा ओळी थर्ड शिफ्ट अन् बसच्या दीड तासाच्या प्रवासाबद्दल होत्या. मशीन दुरुस्त करायच्या कामाबद्दल एकही तक्रार नव्हती, उलट दोन ठिकाणी "आज बिघाड सापडला, बरं वाटलं" असं लिहिलेलं. त्यानं जनरल शिफ्टची दुसरी नोकरी धरली, पगार दोन हजारानं कमी, पण माणूस जाग्यावर आला. हॉटेलचं नाव पुन्हा काढलं नाही.

माणूस किंवा जागा जास्त निघाली तर हेच काम दुसरीकडं शोधा. पैसा जास्त निघाला तर आधी हेच काम दुसरी कंपनी किती पगारात करून घेते त्याची चौकशी करा, दोन-तीन इंटरव्ह्यू देऊन बघा. 'काम' हा शब्द निम्म्याहून जास्त वेळा आला तरच पुढं वाचा.

सावधान: अप्रेझलनंतरचे पंधरा दिवस, साहेबाशी भांडण झालेला आठवडा, घरात मयत किंवा आजारपण झाल्यानंतरचा महिना, या काळातली वही धरू नका. परत पहिल्यापासून लिहा.

तपासून बघा: "आता जे करतो त्याच्याऐवजी मला दिवसभर अमुक करायला चालेल" हे वाक्य पूर्ण करता येतंय का? अन् त्यात "बिझनेस", "शेती", "स्वतःचं काहीतरी" असे मोठे शब्द नकोत. दुकान म्हणजे बारा तास उभं राहून मोटारीचे भाव सांगणं, संध्याकाळी उधारी मागायला फोन करणं. दूध म्हणजे पहाटे चारला उठून शेण काढणं, लग्नाला गेलात तरी धारेच्या वेळी घरी असणं. हे डोळ्यांपुढं आणून मग "चालेल" म्हणा.

पायरी २: घरखर्चाचा खरा आकडा काढा

इथं सगळ्यात जास्त लोक घसरतात, म्हणून जरा तब्येतीनं लिहितो.

महिन्याला किती लागतात असं विचारलं की माणूस पटकन सांगतो, "अठ्ठावीस हजारात भागतं." भागत नाही. किराणा, भाजी, दूध, गॅस, पेट्रोल, लाइट बिल, गाडीचा हप्ता, आई-वडिलांची औषधं, हा झाला महिन्याचा खर्च. वर्षातून एकदा-दोनदा येणारा खर्च डोक्यात कधीच नसतो. बँकेचं स्टेटमेंट अन् फोनपेची हिस्ट्री मागच्या बारा महिन्यांची काढा आणि एका बाजूला मांडा. एका घराचा हिशोब उदाहरण म्हणून देतो: दोन लेकरांची फीस ४० हजार, वह्या-पुस्तकं-ड्रेस १२ हजार, विम्याचे हप्ते २४ हजार, दिवाळी १५ हजार, लग्नसराईतले आहेर अन् येणं-जाणं २० हजार, गाडीचा इन्शुरन्स-सर्व्हिसिंग ९ हजार. बेरीज एक लाख वीस हजार, म्हणजे महिन्याला दहा हजार. अठ्ठावीसचे अडतीस झाले. वर्षाला साडेचार लाखाच्या वर.

हा हिशोब एकट्यानं करू नका, बायकोला सोबत घ्या (बाई नोकरी सोडत असेल तर नवऱ्याला). घर कशावर चालतं हे चालवणाऱ्यालाच माहीत असतं. मी आकडे मांडून दाखवले तेव्हा आमच्या घरून पहिलाच प्रश्न आला, "अहो, माईच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं यात कुठंय?" मी ते धरलंच नव्हतं. पण हा प्रश्न मला राजीनाम्यानंतर दोन महिन्यांनी विचारला गेला, कारण कागद मी तेव्हा दाखवला.

आता जोडीदाराचा खात्रीचा पगार वजा करा. वरच्या घरात महिन्याला १२ हजार येत असतील तर तूट २६ हजार, वर्षाचे तीन लाख बारा हजार. एवढे पैसे बाजूला, हात न लावता, वेगळ्या खात्यात पाहिजेत. नोकरी सोडून दुसऱ्या क्षेत्रातली नोकरीच धरायची असेल तर सहा महिन्यांचे चालतील, धंदा किंवा शेती असेल तर बारा महिन्यांच्या खाली मी कुणालाच हो म्हणत नाही. अन् धंद्याचं भांडवल याच्यापेक्षा वेगळं, वेगळ्या खात्यात. एकाच खात्यात ठेवलं की दुकानाचा माल घर खातं, किंवा घराची फीस दुकान खातं, माझं पहिलं झालं.

काय मोजायचं नाही तेही सांगतो. सातबारा मोजायचा नाही, तो भावकीत अडकलेला असतो अन् गरजेच्या वेळी विकला तर भाव पडून मिळतो. बायकोचं सोनं तिनं स्वतःहून सांगितल्याशिवाय मोजायचं नाही. कुणी "देतो की" म्हणालंय ते मोजायचं नाही. आणि सरकारी अनुदान तर अजिबात भांडवल म्हणून धरायचं नाही. पीएमईजीपीसारख्या (नव्या धंद्याला कर्ज अन् अनुदान देणाऱ्या केंद्राच्या) योजनेत आधी स्वतःचा पाच किंवा दहा टक्के हिस्सा भरावा लागतो, बाकी बँकेचं कर्ज असतं, अन् अनुदान तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून अडकून राहतं, धंदा जाग्यावर चालू असल्याची पडताळणी झाल्यावर कर्जात वळतं. योजना चांगल्या आहेत, जरूर घ्या, पण त्या पैशातून पहिल्या महिन्याचा माल येत नाही.

स्पर्धा परीक्षेसाठी नोकरी सोडायची असेल तर पैशाच्या जोडीला वयाचा हिशोब करा. राज्यसेवेला खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३ ही मर्यादा आहे, पोलीस भरतीची याच्याहून बरीच खाली. किती प्रयत्न हातात आहेत तो आकडा वहीत लिहा अन् प्रत्येक प्रयत्नाला एक वर्षाचा घरखर्च लावा.

पायरी ३: पैसा कोणत्या महिन्यात येतो ते बघा

ही पायरी पुण्या-मुंबईच्या सल्ल्यात नसते, पण आपल्या मराठवाड्यात हीच जास्त महत्त्वाची. आपल्या तालुक्यांत तुम्ही शेतीचा धंदा करा नाहीतर मोबाइलचं दुकान टाका, गिऱ्हाइकाच्या खिशात पैसा सोयाबीन, कापूस अन् तुरीवरच येतो. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या आसपास मोंढ्यावर (धान्याच्या बाजारात) येतं, कापसाची वेचणी तिथून पुढं चालते, तूर जानेवारी-फेब्रुवारीत. जून ते सप्टेंबर लोकांचा पैसा बाहेर जातो, आत येत नाही. म्हणजे मे-जूनमधे जे दुकान सुरू झालं त्याचा माल जातो लगेच अन् पैसे येतात चार-पाच महिन्यांनी. माझ्या धंद्यात तर गिऱ्हाईक म्हणतं, "ठिबकचं अनुदान खात्यावर आलं की देतो," अन् ते कधी येईल ते त्यालाही सांगता येत नाही.

तर बारा महिन्यांची रांग काढा, मृगापासून वैशाखापर्यंत. प्रत्येक महिन्यापुढं दोन आकडे, घरातून किती जाणार अन् नव्या कामातून किती येणार. मग हीच रांग परत एकदा काढा, पण या वेळी पाऊस हुकलाय असं धरून. येणारे आकडे निम्मे करा अन् दोन महिने पुढं ढकला. लातूरला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तसं वर्ष आपल्याकडं परत येतच नाही असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. दुसऱ्या रांगेत कुठल्याही महिन्यात शिल्लक शून्याच्या खाली गेली तर सुरुवात पुढं ढकला. भांडवल वाढवा किंवा धंदा लहान करा, पण "बघू तेव्हाचं तेव्हा" करू नका.

शाळा-कॉलेज अन् क्लासवाल्यांचं चक्र वेगळं, फीस जून-जुलैत जमा होते अन् मार्चनंतर कोरडं. पुण्यातल्या पगाराची सवय असलेल्याला तर हे सगळ्यात जड जातं, कारण एक तारखेला मेसेज येतो ही भावना अंगात मुरलेली असते.

पायरी ४: विमा अन् कागद, नोकरीत असतानाच

विमा सगळ्यात आधी. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम साधारणपणे शेवटच्या दिवशी संपतो. स्वतःची फॅमिली पॉलिसी राजीनाम्याच्या निदान तीन-चार महिने आधी काढा, कारण अपघात सोडला तर नव्या पॉलिसीत पहिले तीस दिवस सहसा क्लेम मिळत नाही, अन् बीपी-शुगरसारख्या आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंतची वाट बघायची अट असू शकते. आजार लपवू नका, क्लेमच्या वेळी तेच काढून दाखवतात. आई-वडिलांची पॉलिसी महाग पडत असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपल्या जवळचं कोणतं हॉस्पिटल आहे ते आजच बघा अन् नाव-पत्ता फ्रिजवर चिकटवून ठेवा. रात्री अकरा वाजता शोधता येत नाही, मी बघितलंय.

ग्रॅच्युइटी, म्हणजे सोडताना कंपनी सेवेच्या वर्षांवर देते ती एकरकमी रक्कम. कायम नोकरीत सलग पाच वर्षं भरली की हक्क येतो. हिशोब सोपा: शेवटचा बेसिक (मूळ पगार) अन् डीए (महागाई भत्ता) गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. बेसिक १६ हजार असेल तर पाच वर्षांचे ४६ हजारांच्या वर होतात. माझ्या मावसभावानं चार वर्षं तीन महिन्यांवर सोडलं, कुणी सांगितलंच नव्हतं. जॉइनिंगची तारीख काढून बघा.

पीएफ. केवायसी, आधार, बँक खातं, वडिलांच्या नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, सगळं आत्ता दुरुस्त करा, कारण कंपनी सुटली की एचआर फोन उचलेलच असं नाही. पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर त्यावर टॅक्स लागू शकतो. पीएफसोबतच्या पेन्शनच्या हक्कासाठी दहा वर्षांची सेवा लागते. मी नऊ वर्षांवर सोडलं, घाईत सगळं काढून घेतलं. तसं न करता स्कीम सर्टिफिकेट (पेन्शनसाठी भरलेल्या वर्षांचा पीएफ ऑफिसचा दाखला) घेऊन ठेवलं असतं तर पुढं कधी पीएफवाली नोकरी धरली तरी जुनी वर्षं जोडता आली असती.

कर्ज. पगारदाराला बँक सॅलरी स्लिप अन् फॉर्म १६ (पगारावर कापलेल्या टॅक्सचा दाखला) बघून कर्ज देते, धंदेवाल्याला दोन-तीन वर्षांचे इन्कम टॅक्स रिटर्न मागते. म्हणजे सोडल्यावर दोन-तीन वर्षं घराचं कर्ज अवघड. पण याचा अर्थ असा नाही की आत्ताच उचलून ठेवा! हप्ता पगारासोबत थांबत नाही.

सावधान, सरकारी नोकरीवाल्यांसाठी: राजीनामा अन् स्वेच्छानिवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राजीनाम्यानं मागची सेवा पेन्शनच्या दृष्टीनं वाया जाते. स्वेच्छानिवृत्तीला राज्य सरकारच्या नियमात वीस वर्षांची सेवा अन् तीन महिन्यांची नोटीस लागते. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांनी, म्हणजे जुन्या पेन्शनवाल्यांनी, तर आस्थापना शाखेत बसून सेवापुस्तक उघडल्याशिवाय एक अक्षरही लिहून देऊ नका.

पायरी ५: तीन माणसांना भेटा, "करू का?" असं विचारू नका

जे काम करायचंय त्यातली तीन माणसं शोधा. एक चांगला चाललेला, एक दोन वर्षांपूर्वी सुरू केलेला, अन् एक बंद केलेला. तिसरा माणूस शोधायला वेळ लागतो, पण तोच सगळ्यात जास्त शिकवतो. त्याच तालुक्यातल्या दुकानदाराकडं जाऊ नका, तो तुम्हाला स्पर्धक समजेल, त्यात त्याचं काही चुकत नाही. परभणीवाल्यानं हिंगोलीत विचारावं, जालन्याच्या माणसानं बीडला. मंदीच्या महिन्यात, दुपारी दोन-तीनला जा, गर्दीत कुणी मन मोकळं करत नाही.

"करू का?" असं विचारलं की चांगला माणूस "करा की" म्हणतो, घाबरलेला "नको" म्हणतो, दोन्हीचा उपयोग नाही. हे विचारा: पहिला पैसा घरी कितव्या महिन्यात आला? आज उधारीत किती अडकलेत? वर्षातले कोणते दोन महिने जड जातात? कोणता परवाना मिळायला सगळ्यात जास्त दिवस लागले? मला बीडच्या एका दुकानदारानं काही न बोलता उधारीची वही पुढं ढकलली होती. लाल पेनानं गोल केलेली नावं होती, दोन वर्षांपूर्वीची, काही माणसं तर वारली होती. एवढं मला कुठल्याच व्हिडिओत दिसलं नव्हतं. पण हे मी दुकान टाकल्यावर गेलो तेव्हाचं. आधी गेलो असतो तर पहिल्या वर्षी उधारीला मर्यादा घातली असती.

परवान्याचंही इथंच कळतं. कृषी सेवा केंद्राचं म्हणाल तर फवारणीच्या औषधांच्या परवान्याला कृषी किंवा ठराविक विज्ञान विषयांचं शिक्षण लागतं. दुकान भाड्यानं घेऊन, फर्निचर करून मग हे समजलेले लोक मी बघितलेत.

पायरी ६: लहान करून बघा

नोकरी न सोडता, निदान आठ आठवडे. सुट्टीचा दिवस, रजा, संध्याकाळ, जे हाताशी असेल ते वापरा.

दूध करायचंय तर एखाद्या पाहुण्याच्या गोठ्यावर सलग पंधरा दिवस पहाटे स्वतः धार काढा. हॉटेल करायचंय तर ओळखीच्या हॉटेलात सणाच्या आठवड्यात भट्टीपाशी उभं राहा. शिकवायचंय तर दहा पोरांची एक बॅच घ्या, फीस घेऊन. कॉम्प्युटरचं काम शिकायचंय तर पन्नास-साठ हजाराचा कोर्स लावायच्या आधी फुकटात जे मिळतं त्यावर रोज दीड तास, दोन महिने बसून दाखवा. फुकटचं पूर्ण झालं नाही तर पैसे भरूनही होत नाही, फक्त नोकरी गेलेली असते.

दोन गोष्टींची नोंद ठेवा. पहिली, अनोळखी माणसानं पूर्ण पैसे देऊन किती वेळा घेतलं? मामा, मेहुणा, ऑफिसातले मित्र यांनी घेतलेलं मोजायचं नाही, ते तुमच्याकडं बघून घेतात, मालाकडं बघून नाही. दुसरी, सहाव्या-सातव्या आठवड्यात तुम्ही स्वतः काय करायलात? पहिले दोन आठवडे सगळ्यांनाच हुरूप असतो. सहाव्या आठवड्यात पहाटे अलार्म वाजल्यावर पाय खाली पडतो का, हे लिहून ठेवा.

सावधान: सरकारी किंवा अनुदानित संस्थेत असाल तर परवानगीशिवाय धंदा करणं नियमात बसत नाही. बघा, शिका, मदत करा, पण स्वतःच्या नावानं बिल फाडू नका. खाजगीवाल्यांनीही अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा, काही कंपन्यांत दुसऱ्या कामाला बंदी असते, अन् कंपनीची गिऱ्हाइकं, कंपनीचा लॅपटॉप याला हात लावायचा नाही.

पायरी ७: घरची बैठक, अन् थांबायची तारीख

जोडीदाराला तर दुसऱ्या पायरीपासूनच सगळं माहीत आहे. आता आई-वडील, भाऊ. हातात चार कागद पाहिजेत: वही, घरखर्चाचा आकडा, बारा महिन्यांची रांग (दोन्ही, चांगल्या पावसाची अन् वाईट पावसाची), करून बघितल्याची नोंद. वडील म्हणणार, "लागलेली नोकरी कुणी सोडतं का?" त्यांच्या पिढीनं नोकरीसाठी काय केलंय ते आपण बघितलंय, त्यामुळं चिडायचं नाही. "आबा, तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?" असं विचारा अन् जे सांगतील ते लिहून घ्या. लोक काय म्हणतील, बहिणीच्या लग्नात स्थळं काय विचारतील, कर्ज झालं तर शेत जाईल. यातल्या शेताच्या भीतीला उत्तर द्यायलाच पाहिजे: शेतावर कर्ज काढणार नाही, असं लिहून द्या अन् पाळा.

मग निर्णय. पर्याय तीन आहेत, दोन नाहीत. हो, नाही, आणि आत्ता नाही. "आत्ता नाही" निघालं तर कशासाठी थांबतोय अन् कधी परत बघणार ते लिहायचं: ग्रॅच्युइटीची पाच वर्षं फेब्रुवारीत भरतात, तोवर दीड लाख जमतात, शिमग्यानंतर परत बसू. तारीख नसेल तर ते "आत्ता नाही" दहा वर्षं चालतं अन् माणूस आतून कुढत राहतो. "नाही" निघालं तर वाईट वाटून घेऊ नका, पहिल्या पायरीतली वही परत काढा, त्यात जे दुखणं लिहिलंय त्यातलं निदान एक याच नोकरीत राहून कमी करा. बदली मागा, शिफ्ट मागा, प्रवास कमी करा.

"हो" असेल तर थांबायची तारीख आजच ठरवा, नोकरीचा पगार खात्यात येत असताना. नंतर जीव गुंततो, मग "अजून एक महिना, अजून एक सीझन" सुरू होतं. असं लिहा: "पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत सलग तीन महिने घरी १५ हजार आले नाहीत, किंवा घरखर्चाच्या खात्यात ६० हजारांच्या खाली गेलं, तर परत नोकरी शोधायची." रक्कम अन् तारीख दोन्ही पाहिजेत. खाली जोडीदाराची सही घ्या. तो कागद तुमच्याकडं नाही, तिच्याकडं किंवा त्याच्याकडं राहू द्या.

पायरी ८: आता राजीनामा

आता हे अगदी थोडक्यात, कारण वरचं झालं असेल तर हे अवघड नाही.

नोटीस पिरियड किती आहे ते लेटरमधे बघा, एक महिना, दोन, तीन, जो असेल तो पूर्ण करा. शिल्लक रजांचे पैसे मिळतात का, इन्क्रिमेंट किंवा दिवाळी बोनस किती लांब आहे, ते बघून तारीख ठरवा, महिना-दीड महिना थांबल्यानं काही बिघडत नाही. साहेबाला आधी तोंडानं सांगा, मग मेल करा. कारण एका ओळीत द्या. नऊ वर्षांचा राग त्या मेलमधे काढू नका, पुढं परत यायची वेळ आली तर व्हेरिफिकेशनचा फोन त्याच माणसाला जातो.

शेवटच्या दिवशी हातात घेऊन निघायचं: रिलिव्हिंग लेटर, अनुभवाचं प्रमाणपत्र, शेवटच्या तीन-सहा महिन्यांच्या सॅलरी स्लिप, फॉर्म १६ कधी मिळणार ते लेखी, फुल अँड फायनलचा हिशोब. ऑफिसच्या मेलवर असलेले स्वतःचे कागद आधीच बाजूला काढा, मेल बंद झाली की संपलं. पीएफच्या पोर्टलवर कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख टाकली का ते नंतर बघा, टाकली नसेल तर दोन महिन्यांनी तुम्हाला स्वतःला टाकता येते.

अन् पहिल्या सोमवारी घरी बसून राहू नका. नवं काम सकाळी नऊला सुरू होणार असेल तर नऊला तिथं असा. घरखर्चाच्या खात्यातून महिन्याच्या एक तारखेला ठरलेली रक्कम जोडीदाराच्या खात्यावर आपोआप जाईल असं बँकेत सांगून ठेवा, म्हणजे किराणा भरायला कुणाला तुमच्याकडं पैसे मागावे लागणार नाहीत.